एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: बूटलोडर कुठे थांबतो आणि कर्नल कुठे सुरू होतो?

लॅपटॉप चालू केला. कंपनीचा लोगो आला आणि गेला. मग काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. ना विंडोज, ना लिनक्स.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना सोलापुरात माझ्यासोबत हे झालं. सेकंडहँड लॅपटॉप होता, त्यावर विंडोज आणि उबुंटू दोन्ही टाकलेलं. जागा कमी पडायला लागली म्हणून मी विंडोजमधून उबुंटूचं पार्टिशन उडवलं आणि रीस्टार्ट केलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुकानात नेला. "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल," असं उत्तर मिळालं. मी हो म्हणालो. मिनी-प्रोजेक्ट आणि ताईच्या लग्नाचे फोटो त्यात कायमचे गेले.

नंतर कळलं की विंडोज उडालंच नव्हतं. ते डिस्कवर जागच्या जागी होतं, फोटोही होते. फक्त तिथपर्यंत नेणारा रस्ता तुटला होता. अर्ध्या तासाचं काम होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचा विचार बरेच जण करतायत. करा, जरूर करा. पण त्याआधी बूटलोडर आणि कर्नल यांचं नातं समजून घ्या. ते समजलं की अशी स्क्रीन दिसल्यावर 'फॉरमॅट' हा पहिला नाही, अगदी शेवटचा उपाय वाटेल.

थोडक्यात सांगायचं तर

• बूटलोडर हा छोटा प्रोग्राम आहे. कर्नलला डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवणं आणि त्याच्या हातात कारभार देणं, एवढंच त्याचं काम.
• कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आहे. मेमरी, प्रोसेसर, डिस्क, वायफाय, कीबोर्ड हे सगळं तोच सांभाळतो.
• एका वेळी एकच कर्नल चालतो. ड्युअल बूट म्हणजे दोन सिस्टीम एकत्र चालणं नाही, दोनपैकी एक निवडणं.
• मेनू गायब झाला म्हणजे डेटा गायब झाला असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंतचे चार टप्पे

पहिला टप्पा फर्मवेअरचा. हा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, डिस्कवर नाही. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक मशीनमध्ये यूईएफआय असतं. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तो तपासतो आणि बूटलोडर शोधतो.

दुसरा टप्पा बूटलोडरचा. लिनक्सच्या जगात बहुतेक ठिकाणी 'ग्रब' असतो, विंडोजचा स्वतःचा 'विंडोज बूट मॅनेजर' असतो.

तिसरा टप्पा कर्नलचा. तो हार्डवेअर ताब्यात घेतो, ड्रायव्हर चालू करतो, मुख्य पार्टिशन उघडतो.

चौथा टप्पा बाकीच्या सिस्टीमचा. लिनक्समध्ये कर्नल पहिला प्रोग्राम चालू करतो (बहुतेक वेळा 'सिस्टमडी') आणि तो पुढे लॉगिन स्क्रीनपर्यंत नेतो.

सोलापूरकरांना हे रेल्वेवरून पटकन कळेल. सोलापूरहून गाडी दक्षिणेकडे निघाली की होटगी जंक्शनला रूळ फुटतात: एक फाटा वाडीकडे, दुसरा विजयपूर-गदगकडे. सांधा कुठल्या बाजूला लावलाय त्यावर गाडी कुठे जाणार ते ठरतं. बूटलोडर म्हणजे तो सांधेवाला. कर्नल म्हणजे ड्रायव्हर. गाडी एकदा सांधा ओलांडून पुढे गेली की सांधेवाल्याचा तिच्याशी संबंध संपला. आणि सांधा बिघडला म्हणून पुढची विजयपूर आणि वाडी ही गावं नकाशावरून पुसली जात नाहीत. माझ्या लॅपटॉपचं नेमकं हेच झालं होतं.

फर्मवेअरला बूटलोडर सापडतो कसा?

जुनी पद्धत अशी: बायोस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या यादीसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. ४४६ बाइटमध्ये ग्रबसारखा प्रोग्राम मावणं अशक्य. म्हणून ग्रब स्वतःचे तुकडे करतो. पहिला तुकडा या सेक्टरमध्ये, दुसरा त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत आणि उरलेला भाग, म्हणजे मेनू आणि मॉड्यूल, लिनक्सच्या पार्टिशनमध्ये.

आता माझी चूक बघा. मी लिनक्सचं पार्टिशन उडवलं. पहिले दोन तुकडे शाबूत होते, त्यामुळे ग्रब सुरू झाला. पण तिसरा तुकडा सापडेना. मग तो 'रेस्क्यू' मोडमध्ये जाऊन बसला. विंडोजच्या पार्टिशनला कुणी हातही लावला नव्हता.

यूईएफआयची पद्धत जास्त सुटसुटीत आहे. डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, त्याला ईएसपी म्हणतात. ते साध्या फॅट ३२ फॉरमॅटमध्ये असतं, म्हणजे पेन ड्राइव्हचा असतो तोच प्रकार. त्यात प्रत्येक सिस्टीमचं वेगळं फोल्डर असतं: मायक्रोसॉफ्टचं एक, उबुंटूचं एक. प्रत्येक फोल्डरमध्ये आपापला बूटलोडर, साध्या फाइलसारखा ठेवलेला.

शिवाय मदरबोर्डच्या कायम मेमरीत एक यादी असते: कोणकोणते बूटलोडर आहेत आणि कोणाला आधी संधी द्यायची. लॅपटॉप चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबल्यावर जो बूट मेनू येतो (बटण कंपनीप्रमाणे बदलतं) तो म्हणजे ही यादी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. यूईएफआयमध्ये दोन बूटलोडर एकमेकांना पुसत नाहीत, शेजारी राहतात. भांडण होतं ते फक्त यादीतल्या पहिल्या नंबरवरून. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जायला लागला आणि ग्रबचा मेनू दिसेना, तर पहिला संशय या यादीवर घ्या. उबुंटू उडालेलं नसतं, रांगेत मागे गेलेलं असतं.

ग्रब लिनक्सच्या कर्नलला काय काय देतो?

मेनूमध्ये तुम्ही 'उबुंटू' निवडून एंटर मारता. त्यानंतर ग्रब तीन गोष्टी जमवतो.

पहिली, कर्नलची फाइल. लिनक्सच्या 'बूट' फोल्डरमध्ये 'व्हीएमलिनझ' या नावाने ती असते. शेवटचा 'झ' म्हणजे ती कॉम्प्रेस केलेली आहे. आता विचार करा: अजून कर्नलच सुरू झालेला नाही, मग डिस्कवरची फाइल वाचतो कोण? ग्रबच वाचतो. लिनक्सचं ईएक्सटी४ आणि इतर अनेक फाइल सिस्टीम वाचण्यापुरतं ज्ञान त्याच्यात असतं.

दुसरी, 'इनिट-रॅम-एफएस'. कर्नल सुरू झाल्यावर त्याला मुख्य पार्टिशन उघडायचं असतं. त्यासाठी डिस्कचा ड्रायव्हर लागतो. आणि तो ड्रायव्हर कदाचित त्याच पार्टिशनमध्ये असतो! म्हणजे कपाटाला कुलूप आणि किल्ली कपाटात. यावर उपाय म्हणून गरजेच्या ड्रायव्हरचं एक छोटं गाठोडं ग्रब आधीच रॅममध्ये ठेवतो. कर्नल ते सोडतो, त्यातला ड्रायव्हर वापरून खरं पार्टिशन उघडतो आणि मग गाठोडं टाकून देतो.

तिसरी, एक ओळ. तिला कर्नल कमांड लाइन म्हणतात. मुख्य पार्टिशन कोणतं, सुरुवातीला ते फक्त वाचायचं की त्यावर लिहायचंही, स्क्रीनवर मेसेज दाखवायचे की गप्प राहायचं, अशा सूचना या ओळीत असतात. पार्टिशनची ओळख एका लांबलचक यूयूआयडी क्रमांकाने दिलेली असते. चालू लिनक्समध्ये 'प्रॉक' फोल्डरमधली 'सीएमडीलाइन' फाइल उघडली की तुमच्या कर्नलला आज नेमकी कोणती ओळ मिळाली ते दिसतं.

ही ओळ तात्पुरती बदलताही येते. ग्रबच्या मेनूत एंटरऐवजी 'ई' दाबा. 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढा आणि एफ१० दाबा. आता कर्नल गप्प न राहता प्रत्येक पायरी स्क्रीनवर लिहीत जाईल. कुठे अडकतंय ते शोधायला यासारखी सोपी युक्ती नाही. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, पुढच्या वेळी सगळं पूर्ववत.

विंडोजच्या बाबतीत ग्रब वेगळा वागतो

लिनक्सचा कर्नल कसा उचलायचा, त्याला ओळ कशी द्यायची, हे ग्रबला पक्कं माहीत आहे. विंडोजच्या कर्नलला असं सुरू करणं हे ग्रबचं काम नाही. म्हणून मेनूत 'विंडोज' निवडलं की ग्रब विंडोजचा कर्नल उचलतच नाही. तो ईएसपीमधला विंडोज बूट मॅनेजर उचलतो आणि म्हणतो, पुढचं तू बघ. याला चेनलोडिंग म्हणतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर कुर्डुवाडी. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी नॅरोगेज होती, आणि मुंबईकडून येणारी मोठी लाईन साडेपाच फुटी ब्रॉडगेज. मोठी गाडी बार्शीच्या रुळावर जाणं शक्यच नव्हतं. मग कुर्डुवाडीला उतरायचं आणि छोट्या गाडीत बसायचं. ग्रब विंडोजला असंच गाडी बदलायला लावतो.

पुढची साखळी अशी: विंडोज बूट मॅनेजर 'बीसीडी' नावाची आपली सेटिंगची फाइल वाचतो, मग 'विनलोड' या पुढच्या लोडरला बोलावतो आणि विनलोड विंडोजचा कर्नल व सुरुवातीचे ड्रायव्हर मेमरीत आणतो.

याचा व्यवहारातला फायदा काय? ग्रबमध्ये 'विंडोज' निवडल्यावर विंडोजची निळी एरर स्क्रीन आली, तर ग्रबने आपलं काम केलेलं आहे. ग्रब पुन्हा टाकून काहीही सुधारणार नाही. बिघाड पुढच्या साखळीत आहे.

कारभार हातात देण्याचा क्षण

बूटलोडर चालू असताना तो स्वतः फारसं काही सांभाळत नाही. डिस्क वाचणं, स्क्रीनवर लिहिणं, मेमरी मागणं यासाठी तो यूईएफआयच्या सेवा वापरतो. मग एक क्षण येतो, ज्याला 'एक्झिट बूट सर्व्हिसेस' म्हणतात. या हाकेनंतर फर्मवेअर या सेवा बंद करतं आणि मेमरीचा नकाशा कर्नलच्या हाती राहतो: कुठली जागा मोकळी, कुठली राखीव. विंडोजमध्ये ही हाक विनलोड देतो. आजच्या लिनक्समध्ये बहुधा कर्नलला जोडलेला एक छोटा भाग देतो.

त्या क्षणानंतर ग्रब मेमरीत असला काय, नसला काय, सारखंच. त्याची जागा कर्नल इतर कामाला वापरतो. म्हणून लॉगिन झाल्यावर वायफाय चालत नसेल, आवाज येत नसेल, लॅपटॉप हँग होत असेल, तर बूटलोडरला दोष देऊ नका.

मग कर्नल आणि फर्मवेअर यांच्यात पुन्हा बोलणं होतच नाही का? थोडं होतं. 'रनटाइम सर्व्हिसेस' नावाच्या मोजक्या सेवा चालू राहतात. त्यातून कर्नल फर्मवेअरकडे चिठ्ठी ठेवू शकतो: "पुढच्या वेळी आधी याला बूट कर." लिनक्समध्ये 'ईएफआय-बूट-एमजीआर' ही कमांड हेच करते. विंडोजलाही हा अधिकार आहे. म्हणून तर यादीतला पहिला नंबर कधीकधी आपोआप बदललेला दिसतो.

दोन कर्नल, एक डिस्क

एका वेळी एकच कर्नल चालतो असं वर म्हटलं. तरीही दोघांची टक्कर होऊ शकते, कारण डिस्क आणि घड्याळ सामायिक आहे.

फास्ट स्टार्टअप: विंडोज ८ पासून ही सोय आली. तुम्ही 'शट डाउन' करता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. म्हणजे विंडोजचा कर्नल मेलेला नसतो, झोपलेला असतो. डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे, हे त्याच्या लक्षात झोपण्याआधीचंच असतं. तेवढ्यात लिनक्सने येऊन त्याच पार्टिशनवर काही लिहिलं तर? विंडोज जागं झाल्यावर हिशोब जुळत नाही आणि फाइल खराब होऊ शकतात. म्हणूनच लिनक्स अशा वेळी विंडोजचं पार्टिशन बहुधा 'फक्त वाचा' पद्धतीने उघडतं किंवा उघडायला नकार देतं. तो बिघाड समजू नका, ती काळजी आहे. ड्युअल बूट करायचं असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. हे पहिल्याच दिवशी करा.

साडेपाच तासांचा घोळ: लिनक्समधून विंडोजमध्ये आलात आणि दुपारी तीन वाजता घड्याळ सकाळचे साडेनऊ दाखवतंय? मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज मात्र त्यात लिहिलेली वेळ हीच भारतीय वेळ धरून चालतं. बॅटरी बदलू नका, ती ठीक आहे. लिनक्समध्ये 'टाइम-डेट-सीटीएल'च्या 'सेट-लोकल-आरटीसी' या सेटिंगला १ दिलं की दोघांचं एकमत होतं.

सिक्युअर बूट आणि बिटलॉकर: इथे जपून

सिक्युअर बूट म्हणजे सह्यांची साखळी. फर्मवेअर फक्त ओळखीची सही असलेलाच बूटलोडर चालवतं. लिनक्ससाठी 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम असतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. फर्मवेअर शिमला तपासतं, शिम ग्रबला तपासतो आणि मग कर्नलची सही तपासली जाते. मधला एक जरी नापास झाला तर गाडी तिथेच थांबते.

ऑगस्ट २०२४ मध्ये जगभरातल्या ड्युअल बूटवाल्यांना याचा अनुभव आला. विंडोजच्या त्या महिन्याच्या सुरक्षा अपडेटने धोकादायक जुने बूटलोडर चालू नयेत म्हणून नियम कडक केला. ड्युअल बूट मशीनवर हा नियम लागणार नाही असं ठरलं होतं, पण काही मशीनवर दुसरी सिस्टीम ओळखूच आली नाही. परिणाम असा की लिनक्स निवडताच 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा मेसेज येऊन मशीन बंद. अनेकांना वाटलं लिनक्स गेलं. प्रत्यक्षात कर्नलपर्यंत पाळीच आली नव्हती. शिमच नापास झाला होता. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद केल्यावर तीच सिस्टीम, त्याच फाइलसकट उघडत होती.

पण थांबा. सिक्युअर बूट बंद करण्याआधी बिटलॉकर बघा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आणि मालकाला पत्ताच नसतो. तिची किल्ली टीपीएम चिपकडे असते. बूटच्या साखळीत काही बदललं की चिप किल्ली देत नाही आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा खरोखरच गेला. या लेखातल्या बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. म्हणून कुठल्याही बदलाआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की कागदावर लिहून घ्या. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

स्क्रीनवर काय दिसतंय? त्यावरून ओळखा

• थेट विंडोज उघडतं, मेनू नाही: फर्मवेअरची यादी बदलली. बूट मेनूतून उबुंटू निवडून बघा. उघडलं तर सेटिंगमध्ये त्याला पहिल्या नंबरवर आणा.
• 'ग्रब रेस्क्यू': ग्रबचा सुरुवातीचा तुकडा चालला, पुढचा सापडला नाही. पार्टिशन उडवलं, हलवलं किंवा त्याचा क्रमांक बदलला का ते आठवा.
• नुसतं 'ग्रब' आणि कर्सर: ग्रब पूर्ण चालू आहे, मेनूची फाइल सापडली नाही. यूईएफआय मशीनवर 'एक्झिट' टाइप केलं की तो फर्मवेअरकडे परत जातो आणि बहुधा यादीतला पुढचा बूटलोडर चालतो.
• मेनू येतो, पण त्यात विंडोज नाही: ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून 'अपडेट-ग्रब' चालवा.
• 'कर्नल पॅनिक', रूट फाइल सिस्टीम उघडता येत नाही: ग्रबचं काम झालं, कर्नल सुरू झाला, पण त्याला मुख्य पार्टिशन मिळालं नाही. बऱ्याचदा अपडेट अर्धवट राहिल्याने नव्या कर्नलचं गाठोडं तयारच झालेलं नसतं. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा.
• 'इनिट-रॅम-एफएस' असा प्रॉम्प्ट: गाठोडं उघडलं, खरं पार्टिशन उघडलं नाही. एक तर यूयूआयडी चुकलाय किंवा डिस्कची तपासणी गरजेची आहे.
• काहीच नाही, डिस्कच दिसत नाही: बायोसच्या सेटिंगमध्येही डिस्क दिसत नसेल तर हा हार्डवेअरचा प्रश्न. आता मात्र दुकान गाठा.

दुरुस्तीचा क्रम

१. घाबरून काहीही फॉरमॅट करू नका. इन्स्टॉलरने विचारलेल्या 'पूर्ण डिस्क पुसू का?' या प्रश्नाला हो म्हणू नका.

२. मित्राच्या लॅपटॉपवर उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा आणि त्यावरून 'ट्राय' पर्यायाने बूट करा. आता पेन ड्राइव्हवरचा बूटलोडर आणि पेन ड्राइव्हवरचाच कर्नल चालतोय. तुमची डिस्क नुसती कपाटासारखी बाजूला आहे.

३. फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडा. फोटो, प्रोजेक्ट, मार्कशीट दिसतायत? आधी ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मगच पुढे जा.

४. लिनक्स शाबूत असेल तर 'बूट रिपेअर' हे टूल ग्रब पुन्हा बसवून देतं. हाताने करायचं तर लिनक्सचं पार्टिशन आणि ईएसपी माउंट करून, 'सीएच-रूट'ने आत शिरून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचं.

५. लिनक्स उडवलंच असेल आणि फक्त विंडोज हवं असेल, तर यूईएफआय मशीनवर बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. जुन्या बायोस मशीनवर विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हमधल्या रिपेअर पर्यायातून 'बूटरेक'ची 'फिक्स-एमबीआर' कमांड चालवा. माझा लॅपटॉप इतक्यावरच सुरू झाला असता.

तुमच्या फोनमध्येही हेच चालतं

अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच आहे. फोनमध्येही बूटलोडर आधी चालतो, 'बूट' पार्टिशनमधला कर्नल तपासतो आणि त्याला कारभार देतो. फरक असा की फोनचा बूटलोडर कुलूपबंद असतो. तो अनलॉक केला की सुरक्षेसाठी फोनमधला सगळा डेटा मुद्दाम पुसला जातो. व्हिडिओ बघून अनलॉक करायला बसण्याआधी बॅकअप घ्या.

अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये 'ए' आणि 'बी' असे दोन स्लॉट असतात. अपडेट रिकाम्या स्लॉटमध्ये बसतं. रीस्टार्ट झाल्यावर नवी सिस्टीम नीट उघडली तर ती बूटलोडरला "मी ठीक आहे" अशी खूण देते. ठरावीक प्रयत्नांत खूण आली नाही तर बूटलोडर जुन्या स्लॉटवर परततो. म्हणजे तुमच्या खिशातला फोन एक प्रकारे ड्युअल बूटच आहे, फक्त मेनू तुमच्या हातात नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तीन सिस्टीम टाकता येतील का? हो. समजा विंडोज, उबुंटू आणि सी-डॅकची डेबियनवर आधारित बॉस लिनक्स टाकली. दोन्ही लिनक्स आपापला ग्रब आणतील, पण चालेल यादीत पहिला असलेलाच. समजा तो उबुंटूचा आहे. मग बॉसमध्ये नवा कर्नल आला तरी उबुंटूच्या मेनूत तो लगेच दिसणार नाही. उबुंटूमध्ये जाऊन 'अपडेट-ग्रब' चालवावं लागेल.

लिनक्स काढायचं असेल तर? आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिला नंबर द्या (जुन्या बायोसवर 'फिक्स-एमबीआर' करा). एकदा रीस्टार्ट करून विंडोज थेट उघडतंय याची खात्री करा. त्यानंतरच पार्टिशन उडवा. मी हा क्रम उलटा केला होता.

जुने कर्नल काढून टाकू का? सगळे नको. चालणारा एक जुना कर्नल नेहमी ठेवा. नवा बिघडला तर मेनूतून तोच तुम्हाला आत घेतो.

पुढच्या वेळी काळी स्क्रीन दिसली की एकच प्रश्न विचारा: गाडी कुठपर्यंत पोचली होती? फर्मवेअर, बूटलोडर की कर्नल? ते सापडलं की काय दुरुस्त करायचं ते ठरतं. आणि दुकानात नेलाच तर काउंटरवर लॅपटॉप देण्याआधी सांगा, "आधी डेटा कॉपी करा, फॉरमॅटचं नंतर बघू."